टेबलावरील युद्धखेळाच्या पहिल्या स्पर्धेने मला काय शिकवले

तुमचा प्रश्न असा आहे की, पुण्यात दोन मित्रांबरोबर घरच्या जेवणाच्या टेबलावर दीड वर्ष वॉरहॅमर ४०,००० खेळल्यानंतर, आता शिक्षणासाठी नॉटिंगहॅमला जाताना तेथील एखाद्या स्पर्धेत उतरावे का, आणि घरच्या खेळात जे कळत नाही असे काय तेथे शिकायला मिळते. मी मूळचा सोलापूरचा, नोकरीनिमित्त काही वर्षांपासून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि माझ्या पहिल्या स्पर्धेत पाचपैकी तीन सामने हरलो. त्या तीन पराभवांनी मला जे शिकवले ते दोन विजयांनी शिकवले नाही, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. अवश्य उतरा, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर, १९८७ साली गेम्स वर्कशॉप या कंपनीने हा खेळ बाजारात आणला आणि त्या कंपनीचे मुख्यालय आज नॉटिंगहॅममध्येच आहे. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून लहान लहान सैनिक जोडायचे, रंगवायचे, आणि ६० बाय ४४ इंचांच्या पटावर पडक्या इमारतींच्या आडोशाने मोजपट्टी व फासे वापरून लढाई खेळायची, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत ठरलेली असते; स्पर्धेत बहुधा प्रत्येकी २००० पॉइंटांचे सैन्य असते, सामना पाच फेऱ्यांचा असतो आणि त्यासाठी साधारण तीन तास मिळतात. जोड्या बुद्धिबळातल्याप्रमाणे स्विस पद्धतीने लागतात, म्हणजे हरलेल्याची गाठ पुढे हरलेल्याशी पडते आणि कोणीही पहिल्या पराभवानंतर घरी जात नाही. माझा अनुभव २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीचा आहे. पॉइंटांचे दर वर्षातून अनेकदा बदलतात, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत तुमच्या स्पर्धेचे पत्रक हेच प्रमाण माना.

सर्वांत मोठा धडा वेळेचा होता. घरी आम्ही एक सामना चहा, जेवण आणि नियमांवरची चर्चा धरून सहा तास खेळत असू आणि त्यात कोणाचेच काही बिघडत नसे. स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात मात्र आमची तिसरी फेरी जेमतेम पूर्ण होत असताना पंचांनी वेळ संपल्याचे जाहीर केले. या खेळात १०० पैकी ५० गुण पटावरची ठाणी ताब्यात ठेवण्याचे असतात आणि ते दुसऱ्या फेरीपासून फेरीगणिक जमा होत जातात. माझे सैन्य नेक्रॉनांचे, म्हणजे या खेळातल्या धातूच्या सांगाड्यांसारख्या यंत्रयोद्ध्यांचे आहे. पडलेले सैनिक पुन्हा उठून उभे राहतात, हे त्याचे वैशिष्ट्य, आणि त्यामुळे हे सैन्य सावकाश पुढे सरकते व शेवटच्या दोन फेऱ्यांत आपली किंमत वसूल करते. नेमक्या त्याच दोन फेऱ्या मी स्वतःच्या संथपणामुळे गमावल्या. त्याहून अधिक खंत याची वाटली की, समोरच्या खेळाडूनेही प्रवेशशुल्क भरले होते, सुट्टी काढली होती, आणि त्याला मी अर्धाच सामना खेळू दिला. तो एका शब्दाने बोलला नाही, पण ती गोष्ट माझ्या मनातून दिवसभर गेली नाही.

नंतर घरी मोबाइलवर वेळ लावून पाहिले तेव्हा ही गळती कोठे होत होती ते कळले. वीस योद्ध्यांची एक तुकडी हलवताना मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे मोजत होतो आणि त्यात चार मिनिटे जात होती. सर्वांत पुढच्या सैनिकाचे अंतर मोजून घ्यावे, तो ठेवावा, आणि बाकीच्यांना त्याच्यामागे पूर्वीसारख्याच रचनेत आणून ठेवावे, असे केले की तेच काम दीड मिनिटात होते. जवळच्या टप्प्यात आल्यावर ही तुकडी एका वेळी चाळीस फासे टाकते. ते फासे दर वेळी मोजून हातात घेण्यापेक्षा दहादहाच्या चार रंगांत आधीच लावून ठेवले की मोजणीच उरत नाही. विचार करायचा तो प्रतिस्पर्ध्याची पाळी चालू असताना करावा, हे बुद्धिबळ खेळलेल्या माणसाला सांगावे लागू नये, पण समोर सुंदर रंगवलेले सैन्य चालून येत असताना मी प्रेक्षकासारखा ते पाहत राहत असे.

तिसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने बुद्धिबळाचे घड्याळ टेबलावर ठेवले आणि प्रत्येकी नव्वद मिनिटे वाटून घेऊ असे सुचवले. प्रथम मला तो अविश्वास वाटला. वस्तुतः घड्याळामुळे दोघांनाही मोकळीक मिळते, कारण समोरचा वेळ काढतो आहे का, ही शंकाच मनात येत नाही. त्याचा वेळ तो त्याच्या खात्यातून खर्च करत असतो. तो माझा पहिला पाचही फेऱ्यांचा सामना आणि पहिला विजय ठरला. तेव्हापासून घड्याळाची मागणी मी स्वतः करतो.

दुसरा धडा बोलण्याचा आहे आणि तो मला दुसऱ्या सामन्यात मिळाला. माझी वीस योद्ध्यांची तुकडी मी एका पडक्या इमारतीमागे दडवून ठेवली होती. या आवृत्तीत अशा इमारतीच्या तळाच्या आरपार कोणाला काही दिसत नाही, मग भिंतीला कितीही भगदाडे असोत. पण इमारतीच्या आत मात्र दिसते. माझ्या उजव्या टोकाच्या एका सैनिकाच्या गोल बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची कड इमारतीच्या तळावर चढली होती, फार तर ज्वारीच्या दाण्याएवढी. प्रतिस्पर्ध्याने खाली वाकून खिडकीतून पाहिले आणि तो सैनिक दिसतो असे सांगितले. मी म्हणालो की मला तो मागेच ठेवायचा होता. पंच आले, त्यांनीही वाकून पाहिले, आणि सैनिक जेथे उभा आहे तेथे तो दिसतो असा निर्णय दिला. तुकडीतला एक जरी दिसला तरी संपूर्ण तुकडी लक्ष्य होते आणि घाव न दिसणाऱ्या सैनिकांवरही पडू शकतात. वीसपैकी चौदा सैनिक मी एकेक करून पटावरून उचलले.

निर्णय बरोबर होता. चूक माझीच होती, आणि ती सैनिक ठेवण्याची तितकीशी नव्हती. मी गप्प राहिलो, ही खरी चूक होती. अनुभवी खेळाडू सैनिक ठेवतानाच सांगतात, ‘हे सगळे पूर्णपणे इमारतीमागे आहेत, एकाचाही बेस तळावर नाही, तुमच्या रणगाड्यावरून यांतला कोणी दिसत नाही ना?’ समोरचा आपल्या बाजूने येऊन पाहतो, एखादा सैनिक बाहेर डोकावत असेल तर तिथल्या तिथे मागे सरकवायला सांगतो, आणि दोघांचे एकमत झाले की पुढे कोणाचा धक्का लागून सैनिक हलला तरी वाद होत नाही. अंतराचेही तसेच आहे. ‘मी तुमच्यापासून बारा इंचांहून अधिक दूर थांबतो आहे, म्हणजे तुम्हाला माझ्यावर चार्ज (हातघाईसाठी धावून येणे) जाहीर करता येणार नाही’ हे वाक्य हालचाल करतानाच बोलायला हवे. हालचाल पूर्ण झाल्यावर ते म्हटले की ती तक्रार होते. घरच्या खेळात मित्राला आपल्या मनातले न सांगता कळते म्हणून ही सवय लागत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाशी खेळताना मला बोलायचा संकोच वाटत होता, आणि तुम्हालाही तो वाटण्याची शक्यता आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललात तरी चालेल, पण बोला.

फाशांबद्दल एकच गोष्ट सांगतो. राखीव तुकडी शत्रूपासून नऊ इंचांहून अधिक अंतरावर उतरवायची आणि त्याच पाळीत चार्ज करायचा, ही चाल सगळ्यांनाच मोहात पाडते. त्यासाठी दोन फाशांची बेरीज नऊ किंवा अधिक यावी लागते. छत्तीस शक्यतांपैकी असे दान फक्त दहांत पडते, म्हणजे सुमारे २८ टक्के. एक आदेश-गुण (खास चालींसाठी मिळणारा, मोजकाच असणारा गुण) खर्च करून फासे पुन्हा टाकले तरी शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपासच जाते. मी चौथ्या सामन्याची संपूर्ण दुसरी फेरी अशा एका चार्जवर बेतली होती. तो फसला तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या तुकडीसाठी माझ्याकडे दुसरा विचारच तयार नव्हता. आता मी अशी तुकडी उतरवताना ती चार्ज फसल्यावर जेथे असेल त्या जागीही उपयोगी पडेल का, हे आधी पाहतो. एखाद्या ठाण्यावर किंवा शत्रूच्या मागच्या पट्ट्यात ती नुसती उभी राहिली तरी कार्यपत्त्याचे (सामन्यातली छोटी उद्दिष्टे सांगणाऱ्या पत्त्याचे) गुण मिळत असतील, तर चार्ज हा वरचा लाभ समजावा.

त्याआधी, तिसऱ्या सामन्यात माझ्या सैन्याचा मूळ गुणच मी दोनदा विसरलो. आपल्या पाळीतल्या आदेशाच्या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक नेक्रॉन तुकडीला पडलेले सैनिक परत उभे करता येतात, पण दुपारचे चार वाजलेले, पाय दुखत असलेले, अशा वेळी मी थेट हालचालीला सुरुवात करत होतो. तिसऱ्या वेळी प्रतिस्पर्ध्यानेच हात वर करून ‘तुमचे सैनिक उठवायचे राहिले’ असे सांगितले. तो त्या वेळी थोड्याच गुणांनी पुढे होता आणि गप्प राहिला असता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. त्या रात्री मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आदेश, हालचाल, नेमबाजी, चार्ज, हातघाई असे पाच टप्पे लिहून त्यांखाली माझ्या सैन्याचे नियम टिपले, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद फाशांच्या ट्रेखाली अर्धा बाहेर दिसेल असा ठेवला. स्मरणशक्तीवर माझा पूर्ण भरवसा होता, पण दिवसातल्या तिसऱ्या सामन्यापर्यंत ती थकते, हे घरी कधी अनुभवाला आले नव्हते.

रंगकामाचे १० गुण असतात आणि ते फासे न टाकता मिळतात, तेव्हा ते सोडू नका. चंदेरी फवारा, त्यावर खाचांत उतरणारा पातळ काळा रंग, आणि बेसवर थोडी खरखरीत मातीची लुगदी, एवढ्यावर माझे सैन्य नियमात बसले. मात्र आदल्या रात्री रंगवत बसू नका. ओल्या रंगाचे सैनिक डब्यात भरले की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना बंदुकांची टोके तुटतात. बेसच्या खालून छोटे चुंबक चिकटवून, तळाशी लोखंडी पत्रा घातलेल्या झाकणाच्या डब्यातून सैन्य नेले तर बसच्या धक्क्यांनीही काही हलत नाही. चटकन वाळणारा डिंक, पाण्याची बाटली आणि चांगले बूट एवढे सोबत असू द्या, कारण दिवसाचे आठ-नऊ तास उभ्यानेच जातात.

शेवटच्या सामन्यातल्या वयस्कर खेळाडूची आठवण येथे सांगितली पाहिजे. मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर तो एकदम असईच्या लढाईविषयी बोलू लागला, कारण एरवी तो ऐतिहासिक युद्धखेळ खेळणारा होता आणि त्याने मराठ्यांच्या तोफखान्याचे सैनिक स्वतः रंगवले होते. असई आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे मराठ्यांवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे केळणा नदी होती आणि स्थानिक वाटाडे पुढे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार नाही असे सांगत होते. त्याने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली, अशा गावांमध्ये ये-जा असणारच आणि म्हणून उतारही असणारच असा तर्क केला, आणि सैन्य तेथून पार नेले. हे सांगून त्या गृहस्थांनी मला आमच्या पटाभोवती एक फेरी मारायला लावली. माझ्या बाजूने ज्या दोन इमारतींमध्ये भिंत दिसत होती, तेथे त्यांच्या बाजूने पाहिल्यावर माझ्या मोठ्या रणयंत्राला जाण्याएवढी फट आहे हे दिसले. मी त्याच फटीतून गेलो आणि तो सामना जिंकलो. त्यांना त्याचा आनंद माझ्याइतकाच झाला होता.

तेव्हा तुमच्यासाठी माझी सूचना अशी. नॉटिंगहॅमला पोहोचल्यावर लगेच दोन दिवसांची स्पर्धा न घेता एका दिवसाची, तीन सामन्यांची घ्या. सैन्याची यादी ज्या दिवशी द्यायची असेल त्याच्या महिनाभर आधी ती ठरवा आणि नंतर कोणी कितीही चांगली तुकडी सुचवली तरी बदलू नका, कारण ओळखीच्या साध्या सैन्याने वेळ वाचतो. निघण्यापूर्वी पुण्यातच, त्याच दोन मित्रांबरोबर, किमान चार सामने नव्वद-नव्वद मिनिटांचे घड्याळ लावून पूर्ण पाच फेऱ्यांचे खेळा. दोघांपैकी जो त्या सामन्यात खेळत नसेल त्याला पंच म्हणून बसवा आणि त्याला एवढेच काम द्या की, तुम्ही न बोलता एखादा सैनिक ठेवलात तर त्याने घड्याळ थांबवून तुम्हाला तुमचा हेतू विचारायचा.