छाती धडधडते, म्हणून शाळा सोडावी का?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी मुलगी दहावीत असून एसटीने तालुक्याच्या शाळेत जाते. घटक चाचणीत गणिताचा पेपर लिहिताना तिची छाती अचानक धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या आणि ‘मी आता मरते’ असे म्हणून ती रडू लागली. ईसीजी चांगला आला. तेव्हापासून वर्गात असे अधूनमधून होते. शाळेतून फोन येतो आणि तिचे वडील तिला मोटरसायकलवर घरी आणतात. आता ती शाळेत जायलाच नाही म्हणते. सासूबाई म्हणतात, नजर लागली, भगताला दाखवा. जाऊबाई म्हणतात, अभ्यास टाळण्याचे नाटक आहे. काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, तुमची मुलगी नाटक करीत नाही, हे आधी घरातील सर्वांना सांगा. तुम्ही लिहिलेली लक्षणे पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याची दिसतात. संकट समोर नसतानाही शरीर संकट आल्यासारखे वागू लागते. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखे वाटते. त्या मुंग्यांमुळे मूल आणखी घाबरते आणि श्वास आणखी वाढतो. हा भर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि नंतर आपोआप ओसरतो. हे तिला शांत वेळी समजावून सांगा, कारण अटॅकमध्ये काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ती नसते.

ईसीजी झाला, हे चांगले केलेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचीही तपासणी करून घ्या; या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणे आपल्याकडे सर्रास आढळते आणि त्यानेही धडधड होते.

मला अधिक काळजी वाटते ती घरी आणण्याची. वडील मायेपोटीच धावत जातात. परंतु वर्गाबाहेर पडताच बरे वाटले की ‘वर्ग धोक्याचा, घर सुरक्षित’ अशी तिच्या मनाची खात्री पटते आणि पुढच्या खेपेस वर्गात पाऊल टाकणे अधिक अवघड होते. म्हणून मुख्याध्यापकांना भेटून एवढेच ठरवा, की त्रास झाल्यास तिने ठरलेल्या एका बाईंजवळ शांत जागी बसावे, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा आणि त्रास ओसरला की त्याच दिवशी वर्गात परतावे. भोवती गर्दी करणे, कांदा हुंगवणे किंवा कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणे, यांपैकी काहीही करू नये. पूर्ण दिवस जमत नसेल, तर सुरुवातीला आवडत्या विषयाचे दोन तास बसू द्या आणि ते हळूहळू वाढवा. ओढून नेऊ नका, पण घरीच बसवूनही ठेवू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाही नातीचीच काळजी आहे. त्यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, तर बिघडत नाही. मात्र भगताकडे नेऊन उपवास, मारहाण किंवा धुरी असले प्रकार अजिबात होऊ देऊ नका, आणि त्यापायी उपचार लांबवू नका.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा या त्रासात चांगला उपयोग होतो. औषधे प्रत्येकीला लागतातच असे नाही, आणि लागली तर ती मनाने बंद करू नयेत. तोपर्यंत 14416 या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा) क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येते. ही केंद्र सरकारची सेवा 2022 पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते.

धावताना किंवा खेळताना ती बेशुद्ध पडली, तर हृदयाची तपासणी पुन्हा करा. आणि ‘मला जगायचे नाही’ असे ती एकदा जरी म्हणाली, तरी तिला एकटी ठेवू नका व त्याच दिवशी रुग्णालयात न्या.