फॉर्म्युला फोर्ड जरूर घ्या, पण ४०१(के)वर कर्ज काढून नको

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पुण्यात शिकताना ते कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस कार बांधायची स्पर्धा) होते आणि कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या तशाच स्पर्धेला गाडी घेऊन गेले होते. आता एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी, पत्नीची अर्धवेळ नोकरी, तीन वर्षांची मुलगी आणि भाड्याचं घर. रोजच्या सेडानवर ते ऑटोक्रॉस करतात, म्हणजे मोकळ्या मैदानावर मांडलेल्या कोनांमधून एका वेळी एकच गाडी वेळ लावून पळवण्याची स्पर्धा. १९८०च्या दशकातली एक फॉर्म्युला फोर्ड (एका माणसाची, उघड्या चाकांची रेस कार) ट्रेलरसकट १९,५०० डॉलरला मिळते आहे. त्यासाठी ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतीमधून २०,००० डॉलरचं कर्ज काढायचा विचार आहे. हाताशी रोख २१,००० डॉलर, ४०१(के)मध्ये ७४,०००, आणि नाशिकच्या आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी राखून ठेवलेली १८ लाख रुपयांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) ठेव. घरखर्च महिन्याला ५,८०० आणि शिल्लक साधारण १,५०० डॉलर. ‘घ्यावी का?’ एवढाच त्यांचा प्रश्न.

गाडीची निवड चांगली आहे, हे आधी सांगतो. एससीसीए या अमेरिकी मोटरस्पोर्ट क्लबच्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस, स्पर्धांत ही गाडी सी मॉडिफाइड वर्गात धावते. १६०० सीसीचं फोर्ड केंट इंजिन फॉर्म्युला फोर्डमध्ये कित्येक दशकं वापरात आहे, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते उघडून बांधणारी माणसंही मिळतात. ऑटोक्रॉसमध्ये एक रन साधारण मिनिटभराचा किंवा त्याहून कमी असतो. सर्किटवरच्या शर्यतीसारखा इंजिनावर सलग अर्धा तास ताण येत नाही. शिवाय अशी गाडी सर्किट रेसिंगवाले आणि विंटेज रेसिंगवालेही विकत घेतात, म्हणून विकताना गिऱ्हाईक फक्त ऑटोक्रॉसमध्ये शोधावं लागत नाही. मात्र हा फायदा टिकवायचा असेल तर ऑटोक्रॉससाठी केलेला प्रत्येक बदल उलटवता आला पाहिजे. छोट्या गिअरचे संच लावा, पण मूळ संच जपून ठेवा.

याच क्लबच्या एफ मॉडिफाइड वर्गातली फॉर्म्युला ५०० तुम्ही पत्रात एका ओळीत बाजूला टाकली आहे. तिचा थोडा विचार व्हायला हवा होता. बेल्टवर चालणारं सीव्हीटी (गिअर न बदलता चालणारी यंत्रणा), स्प्रिंगऐवजी रबराचे ठोकळे, गिअरबॉक्सचा खर्चच नाही. पण तुमच्या भागातलं मैदान खडबडीत असेल तर ती हाडं खिळखिळी करते, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कमी. तुम्हाला फोर्डच हवी आहे, हे पत्राच्या सुरावरून कळतं. ठीक आहे, तीच धरून पुढे जाऊ.

आता हिशोब. तुम्ही वर्षाचा खर्च २,८०० डॉलर लिहिला आहे: स्लिक (खाचा नसलेल्या, रेसच्या) टायरचा एक संच १,१५०, दहा स्पर्धांची प्रवेश फी ६५०, तेल-पेट्रोल-ब्रेक पॅड १,०००. त्यात गाडी ठेवायची जागा धरलेली नाही. भाड्याच्या घराला गॅरेज नाही, आणि ट्रेलरसकट गाडी मिशिगनच्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवता येणार नाही. महिन्याला १३० डॉलर धरा, वर्षाचे १,५६०. इंजिन उघडायची वेळ आज ना उद्या येईलच, त्यासाठी दर वर्षी १,२०० बाजूला काढा. ठेवलेल्या जागी आणि ट्रेलरवर असताना गाडीला आणि ट्रेलरला विमा लागेल, तो सुमारे ५००. झाले ६,०६०. दहा स्पर्धा, प्रत्येकी पाच रन, प्रत्येकी पन्नास सेकंद, म्हणजे वर्षभरात बेचाळीस मिनिटंसुद्धा पुरती भरत नाहीत. मिनिटाला सुमारे १४५ डॉलर. आणि ट्रेलर ओढायला तुमची सेडान चालणार नाही, पिकअप लागेल. तो खर्च मी अजून धरलेलाच नाही.

हा आकडा तुम्हाला परावृत्त करायला काढलेला नाही. हिवाळ्यात पाना हातात घेऊन सस्पेन्शन सेट करण्यात तुम्हाला जो आनंद मिळतो तो या बेचाळीस मिनिटांच्या बाहेरचा आहे, आणि तो खरा आहे. पण मिनिटाचा भाव कळला की एक गोष्ट लख्ख दिसते: या गाडीत दुसरा चालक हवाच. ऑटोक्रॉसमध्ये एका गाडीवर दोघांनी धावणं सर्रास चालतं. ही गाडी इतकी हलकी आहे की एकट्याच्या रनमध्ये स्लिक नीट तापतच नाहीत. दोघे आलटून पालटून धावले की दुसऱ्याला ऊबदार टायर मिळतात. खर्च अर्धा आणि वेळही सुधारते, अशी संधी हौसेच्या खर्चात क्वचित येते.

माझा खरा विरोध कर्जाला आहे. २०,००० डॉलर पाच वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१० डॉलर. व्याज आपल्याच खात्यात जातं, हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण तेवढे दिवस ती रक्कम बाजारात नसते. तेही एक वेळ सोसता येईल. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न सोसवणारा नाही. एच-१बीवर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला तुम्हाला जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते. कर्जाची बाकी त्या वर्षाचं करविवरण भरायच्या तारखेपर्यंत फेडली नाही, तर ती खात्यातून कायमची काढलेली रक्कम धरली जाते. बाकी १५,००० असेल आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर केंद्राचा कर ३,३००, मुदतपूर्व काढल्याचा दंड १,५००, आणि मिशिगनचा ४.२५ टक्के कर. साडेपाच हजारांच्या आसपास. त्याच साठ दिवसांत, कदाचित जानेवारीत, बर्फ पडत असताना, तुम्हाला रेस कार विकायची असेल. घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही. तुमच्या व्हिसाचा धोका आणि या कर्जाचा धोका एकाच दिवशी अंगावर येतात, म्हणून हे कर्ज तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त वाईट.

म्हणून नोकरी गेली तरी सहा महिने भागेल एवढा अडचणीचा निधी हाताशी हवा, म्हणजे ३४,८०० डॉलर. तुमच्याकडे १३,८०० कमी आहेत. आधी ते भरा. सध्याच्या बचतीने नऊ-दहा महिने लागतील. नाशिकची ठेव यात धरू नका, मोडण्याचा विचारही नको. (तिच्या व्याजावर भारतात कर नसला तरी अमेरिकेत तो दाखवावा लागतो. एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अर्ज, भरत नसाल तर आधी तो भरा.)

तोवर गाडीशिवाय बसा असं मी म्हणत नाही. येत्या मोसमात सी मॉडिफाइडमधल्या एखाद्या मालकाकडे सहचालक म्हणून जा. प्रवेश फी आणि टायरचा वाटा मिळून प्रत्येक वेळी १५० डॉलर धरले तरी आठ स्पर्धांचे १,२०० होतात. कॉकपिटमध्ये तुमचे खांदे नीट बसतात का, कमी वळणाऱ्या स्टिअरिंगने अरुंद कोनांमधून गाडी काढता येते का, बिनकाचेच्या गाडीत थंडीतला पहिला रन कसा लागतो, हे सगळं त्यात कळेल. पत्नीलाही एक-दोन स्पर्धांना घेऊन जा. आधी घर घ्यावं, असं त्या म्हणतात. गॅरेज असलेलं घर घेतलंत तर वरच्या हिशोबातले १,५६० डॉलर उडतात, म्हणजे त्यांचं म्हणणं गाडीच्याही बाजूचं आहे.

निधी भरल्यावर पुढच्या वर्षाच्या शेवटी रोखीने अर्धा वाटा घ्या, शक्यतो ज्याच्याकडे पिकअप आहे अशा भागीदाराबरोबर. करार लेखी हवा. कोणाच्या रनमध्ये इंजिन गेलं तर कोण किती भरणार, आणि तुम्हाला देश सोडावा लागला तर दुसऱ्याने किती दिवसांत कोणत्या भावाने वाटा घ्यायचा, हे नीट लिहा. मित्र आहे म्हणून हे टाळू नका.

एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढून करासाठी खर्च वजा करण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडा. नफ्याचा खरा हेतू नसेल तर अमेरिकी करकायद्याच्या कलम १८३प्रमाणे ही हौसच ठरते, आणि २०१८पासून हौसेचा खर्च वजा होत नाही. जिंकलेल्या रोख बक्षिसावर मात्र कर लागतो.

विम्याचं काम गाडीच्या आधी उरका. तुमचा जीवनविमा फक्त कंपनीचा आहे, नोकरीबरोबर तोही जाईल. स्वतःची टर्म पॉलिसी घ्या. अर्जात मोटरस्पोर्टचा प्रश्न आला तर खरं उत्तर द्या: ऑटोक्रॉस, कोनांच्या मैदानावर, एका वेळी एक गाडी. सर्किटवरच्या शर्यतीपेक्षा हे वेगळं आहे, हे अर्जावर स्पष्ट लिहा. स्पर्धेचा विमा आयोजकांचा असतो, पण त्यात तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही.

विकणाऱ्याला आज नाही म्हणा. पुढच्या शरदात ती गाडी तशीच असेल, तर इंजिन शेवटचं कधी आणि कोणी बांधलं त्याच्या पावत्या मागा, आणि चासीचे जोड माहीतगार माणसाकडून तपासून घ्या. गिऱ्हाईकाविना वर्ष काढलेला मालक १९,५००वर अडून राहणार नाही, असं मला वाटतं.