पडद्यावरचा चेहरा, रेकॉर्डवरचा आवाज

प्रश्न : ब्रिटन-अमेरिकेतील टीव्ही मालिकांचे अनेक लाडके नट एके काळी पॉप गायक व्हायला निघाले होते. त्यांची गाणी आज कोणी ऐकताना दिसत नाही. ती आपटली म्हणूनच विस्मरणात गेली का?

उत्तर : उलट, त्यांतली बरीच गाणी धो धो खपली होती. ‘कोजॅक’ मालिकेतील टकलू पोलीस अधिकारी रंगवणारे टेली सॅव्हालस १९७५ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले, आणि तेही न गाता. मागे वाद्ये वाजत असताना त्यांनी आपल्या खर्जातल्या आवाजात गीताचे शब्द नुसते म्हटले आहेत. गायकीचा आव न आणणारा हा प्रकार, माझ्या मते, पुढच्या कित्येकांपेक्षा बरा होता.

गिऱ्हाईक नेमके काय विकत घेत होते, हे कळण्यासाठी रॉबसन ग्रीन आणि जेरोम फ्लिन ही जोडी पाहावी. ‘सोल्जर सोल्जर’ या ब्रिटिश मालिकेतील एका लग्नाच्या प्रसंगात या दोघांनी एक जुने प्रेमगीत म्हटले आणि प्रेक्षक दुकानांत त्याची रेकॉर्ड मागू लागले. रेकॉर्ड कंपनीचे अधिकारी सायमन कॉवेल यांनी पिच्छा पुरवून दोघांना स्टुडिओत आणले. १९९५ मध्ये ते गाणे सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले सिंगल (एका गाण्याची रेकॉर्ड) ठरले आणि त्यांची पुढची दोन सिंगल्सही पहिलीच आली. मात्र ही सगळी गाणी आधी इतरांनी गाजवलेली होती, त्यामुळे मालिकेची ओढ ओसरल्यावर ज्याला ते प्रेमगीत ऐकावेसे वाटले, तो सरळ ते आधी गाजवणाऱ्या राइटियस ब्रदर्स या अमेरिकन गायकजोडीकडे वळला. ग्रीन आणि फ्लिनही लवकरच मुकाट्याने अभिनयाकडे परतले.

डेव्हिड सोल यांची गोष्ट मात्र चुटपुट लावणारी आहे. त्यांना मुळात गायकच व्हायचे होते. लोकांनी रूप न पाहता गाणे ऐकावे म्हणून १९६०च्या दशकात ते अमेरिकन टीव्हीवर चक्क मुखवटा घालून गात. तेव्हा फारसे कोणी दाद दिली नाही. ‘स्टार्स्की अँड हच’ या पोलीस मालिकेने तोच चेहरा घराघरांत पोहोचवला, तेव्हा कुठे १९७७ मध्ये त्यांचे गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अव्वल ठरले.

कायली मिनोग यांचा अपवाद सांगायलाच हवा, पण ‘नेबर्स’ ही ऑस्ट्रेलियन मालिका सोडल्यावर त्या वर्षानुवर्षे नवी गाणी देत राहिल्या. बहुतेक नटांना गाणे हा जोडधंदाच वाटत होता. अँट आणि डेक यांनी ‘बायकर ग्रोव्ह’ या ब्रिटिश किशोर मालिकेतील आपल्या पात्रांच्या नावाने १९९४ मध्ये काढलेले रॅप गाणे नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचून मागे पडले. २०१३ मध्ये ते अचानक पहिल्या क्रमांकावर आले, कारण या दोघांनी, आता नावाजलेले सूत्रसंचालक म्हणून, ते आपल्याच टीव्ही कार्यक्रमात पुन्हा सादर केले होते.