पीएच.डी. की आधी बी.एड.?

दारव्हा तालुक्यातील एका कास्तकार पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला कंडेन्स्ड मॅटर फिजिक्समध्ये, म्हणजे घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रात, पीएच.डी. करायची आहे. कोरडवाहू शेतीवर हा खर्च झेपेल का, आणि तिने आधी बी.एड. करून नोकरी धरावी का, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार,

खर्चाची चिंता आपण आधी मनातून काढून टाकावी, कारण चांगल्या संस्थेत विज्ञानाची पीएच.डी. दरमहा फेलोशिप घेऊन करायची असते. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे काम समाधानकारक ठरल्यास ४२,००० रुपये मिळतात; वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. आपण इतर मागासवर्गात मोडत असाल तर नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेची फेलोशिपही आहे, पण तिचा विचार जेआरएफ हुकल्यावर करावा.

अडचण आहे ती तयारीची. एम.एस्सी.च्या सॉलिड स्टेटच्या (घन पदार्थांच्या) पेपरमध्ये बहुतेक गणिते प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच फिरतो आहे असे धरून केलेली असतात. पीएच.डी.च्या पातळीवर मात्र असंख्य इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारत असताना काय घडते, हा प्रश्न असतो. १९८६ साली तांब्याच्या ऑक्साइडांत सापडलेल्या अतिसंवाहकतेचे (विजेला अजिबात विरोध न होण्याच्या गुणधर्माचे) सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही, त्यामागेही हीच गुंतागुंत आहे.

मुलीला एक गणित द्या. दोन अणू आणि दोन इलेक्ट्रॉन घ्यायचे. एका अणूवरून दुसऱ्यावर जाण्याशी निगडित ऊर्जा 'टी' आणि दोघे एकाच अणूवर आल्यास लागणारी जादा ऊर्जा 'यू'. या हबर्ड मॉडेलच्या सहाही अवस्था तिने स्वतः मांडाव्यात, मॅट्रिक्स लिहावी आणि सर्वांत कमी ऊर्जा काढावी. 'यू' फार मोठा असेल तर सिंगलेट (दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे सूक्ष्म चुंबकत्व, उलट जुळलेले) आणि ट्रिप्लेट (स्पिन एका दिशेने जुळलेले) यांच्या ऊर्जेतला फरक 'टी'च्या वर्गाची चौपट भागिले 'यू' इतका येतो, आणि शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट का राहू पाहतात ते त्यातून कळते. कोणाची नोट्सची वही न उघडता हे सुटले तर तिने खुशाल थिअरीकडे जावे. न सुटल्यास पुढचे सहा महिने क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पुन्हा पक्के करावे; नेट, गेट आणि जेस्ट या तिन्ही परीक्षांना तेच उपयोगी पडते.

विहिरीवरची मोटार बिघडली की ती स्वतः खोलून बसणारी मुलगी असेल, तर मी तिला प्रयोगाकडे जा असे सांगेन. तिथे द्रवरूप हेलियमच्या ४.२ केल्विन (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) तापमानाला मोजमाप घेण्याआधी व्हॅक्यूमची गळती शोधण्यात दिवस जातात, आणि ते ज्याला सोसते त्यालाच ते काम जमते. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन (पदार्थ तपासायला तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) आहे आणि आपल्याकडून ते फार दूर नाही. शिवाय पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर आणि आयआयटी या संशोधन संस्था आहेतच.

नोकरीबाबत खोटी आशा दाखवत नाही. अनुदानित महाविद्यालयांतील जागा क्वचित निघतात आणि पीएच.डी. झालेले अनेकजण तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. पातळ थर, अतिशीत तापमान किंवा संगणकीय गणना यांचे कसब हातात असलेल्यांना प्रयोगशाळा आणि सेमीकंडक्टर उद्योग असे आणखी मार्ग मोकळे असतात. म्हणून केवळ जवळ आहे म्हणून मिळेल त्या गाईडकडे नाव नोंदवणे मला पसंत नाही.

बी.एड. नंतरही करता येते, त्यामुळे त्यासाठी आत्ताची दोन वर्षे देऊ नयेत. जेआरएफच्या वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलत असल्याने नेटचे दोन-तीन प्रयत्न शांतपणे करता येतील. मुलाखतीला जाल तेव्हा तेथे पाचव्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना मुलीने एकांतात विचारावे की गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात, आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत.