भावाच्या बाळाचं हृदय कमजोर आहे, जेनेटिक टेस्ट करावी का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या चार महिन्यांच्या बाळाचं पंपिंग २० टक्क्यांवर आलंय, डॉक्टर जेनेटिक टेस्ट करा म्हणून राहिले आणि घरचे म्हणतात आपल्या खानदानात कोणालाच हार्टचं नाही, कशाला पैसे घालवता. माझं ऐकाल तर करा, आणि आत्ताच करा.

आम्हीपण नागपूरचेच. माझी पोरगी दूध पिताना दोन मिनिटात दमायची, भर डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम, माझा पदर ओला व्हायचा, मला वाटे स्वेटर जास्त झालं. एका दवाखान्यात आठ दिवस कफ म्हणून वाफ देत बसले, मग धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरेत हृदय मोठं दिसतंय म्हणून इको सांगितला. साडेपाच महिन्यांची असताना ती आम्हाला सोडून गेली.

जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट नंतर आला. एमवायबीपीसी ३ नावाचा जीन, हृदयाच्या स्नायूचं एक प्रोटीन बनवतो. जीनच्या दोन कॉप्या असतात, आईकडून एक बापाकडून एक, माझी एक खराब, ह्यांची एक खराब, आणि पोरीला नेमक्या दोन्ही खराब आल्या. आमच्यात मामाची मुलगी करतात, म्हणजे सासूबाई माझी सख्खी आत्याच. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं म्हणायची, निघालं तिच्याच माहेरचं! म्हणजे खानदानात होतंच, दिसत नव्हतं. आणि एक खराब कॉपी असली तरी मोठेपणी हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो, म्हणून आम्ही दोघंही आता इको करत राहतो.

पण घाई मी यासाठी सांगते की सगळेच प्रकार आमच्यासारखे नसतात. कार्निटिन म्हणजे स्नायूंना चरबीतून ताकद मिळवायला लागणारा घटक, तो शरीरात टिकत नाही असा एक जेनेटिक आजार आहे, त्यात तेच कार्निटिन औषध म्हणून तोंडाने दिलं की पंपिंग सुधारतं. पॉम्पे नावाचा आजार असेल, म्हणजे एक एन्झाइम कमी असल्याने स्नायूंत साखरेचा साठा साचत जातो तो, तर त्या एन्झाइमचं इंजेक्शन आहे, महाग आहे पण आहे. हे दोन आधी विचारा, त्यांच्या रक्ताच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि जीनच्या रिपोर्टला काही आठवडे लागतात.

आणि पुढच्या मुलाचं म्हणाल तर आमच्यासारखं निघालं तर दर खेपेला २५ टक्के धोका, आधी एक झालं म्हणून पुढचे तीन सुटले असं नसतं. गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं, पण नेमकी कुठली चूक शोधायची ते लॅबला आधी माहीत पाहिजे, आणि ते याच बाळाच्या रक्तातून कळतं. बाळाचं रक्त काढाल तेव्हा भाऊ-वहिनीचंही सोबतच द्या, आमचं नंतर मागितलं आणि त्यात अजून दीड महिना गेला.