नर्सिंगला जातेस, तर आधी हे बघ

बाई, 'एक वर्षात नर्स, नोकरीची हमी' असल्या फलकांच्या नादी लागू नको. त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत (राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात) नोंदणी होत नाही, अन् नोंदणीशिवाय सरकारी भरतीत उभंच करत नाहीत. एएनएम (नर्स-दाईचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंगची डिग्री चार. बीएस्सीला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी हवं, वर सीईटी ही प्रवेश परीक्षा. जीएनएमला आर्ट्सवालीही चालते.

कॉलेजची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघ, बीएस्सीसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नताही. मग एक चक्कर मार. रंगवलेली इमारत सोड, पोरी जिथं शिकतात तो दवाखाना बघ: खाटांवर पेशंट आहेत का, पोरींना लेबर रूममध्ये ड्युटी लागते का? हे ऑफिसात नको, होस्टेलच्या सीनिअर पोरींना विचार.

खरी दमछाक कागदांची. आरक्षणातून जागा हवी, तर जातीचा दाखला वेगळा, जात वैधता (दाखल्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र) वेगळी. वैधतेला महिने जातात, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाक. आधार अन् मार्कशीटवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवून ठेव. मूळ टीसी एजंटाच्या हाती द्यायची नाही. अन् पैसे भरले की पावती माग. कॉलेजवाल्यांनी कुरकुर केली तर सरळ उठून ये.