'आउटकम'साठी मराठी शब्द: फलित, परिणाम की गुण?

दम्याच्या औषधांच्या संशोधनात काय मोजावे, हे दम्याच्या मुलांच्या पालकांना विचारण्यासाठी नांदेडच्या एका वाचकांना पत्रक छापायचे आहे. 'बालरोग संशोधनातील फलिते निवडताना बालके व कुटुंबीयांचा सहभाग' हे त्याचे नियोजित शीर्षक असून, 'आउटकम'ला 'फलित' म्हणावे, 'परिणाम' म्हणावे की 'निष्पत्ती', असा त्यांचा प्रश्न आहे.

संशोधनाच्या आराखड्यात 'फलित' चालेल. उपचाराने रुग्णाच्या बाबतीत जे घडते आणि जे संशोधक नोंदवतो, ते फलित. ते बरे असेल किंवा वाईटही असेल, आणि या शब्दात दोन्ही मावतात. 'निष्पत्ती' अर्थाने चुकीचा नाही, परंतु 'अध्ययन निष्पत्ती'मुळे तो शब्द आता शाळेचा झाला आहे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला तो वाचून पाठ्यक्रमच आठवेल. 'फलश्रुती' मात्र कृपया नको. स्तोत्राच्या शेवटी पठणाचे जे फळ सांगितलेले असते ती फलश्रुती, आणि औषधाच्या चाचणीत फळ आधीच सांगून टाकणे बरे नव्हे.

पालकांसमोर अडचण निराळी आहे, कारण तेथे शब्दच उत्तराला वळण लावतो. 'औषधाचा परिणाम' म्हटले की पुष्कळांच्या मनात आधी दुष्परिणाम येतात, आणि आई अंगावरचे पुरळ, मळमळ, गुंगी एवढेच सांगेल. मराठवाड्यात रूढ असलेला 'गुण' हा शब्द फार गोड आहे ('त्या दवाखान्यात लेकराला गुण आला'), पण तो फक्त चांगल्या बाजूचा आहे, शिवाय शाळकरी मुलाला परीक्षेचे गुण आठवतील. 'फरक' तटस्थ वाटतो खरा, परंतु 'आता फरक आहे' याचा आपल्याकडचा अर्थ 'आता बरे आहे' असाच होतो. म्हणून माझ्या मते पालकांना आणि मुलांना विचारताना नाम वापरूच नये, क्रियापदाने विचारावे: 'या आजारात लेकराचं काय सुधारावं, असं तुम्हाला वाटतं?' आणि लगेच, स्वतंत्रपणे, 'औषधानं काय होऊ नये, असं वाटतं?' मुलाला विचारायचे तर, 'दम्यामुळं तुला काय करता येत नाही?' हे पुरे.

असे विचारले की 'फलित' आणि 'मोजमाप' यांतला भेदही आपोआप उलगडतो. श्वासाची चाचणी हे मोजमाप झाले. रात्री सलग झोप लागणे, शाळा न बुडणे, पळताना धाप न लागणे ही फलिते, आणि ती घरच्यांना तज्ज्ञांपेक्षा आधी सुचतात. एका आजारावरील उपचारांच्या सर्व चाचण्यांत किमान जी फलिते मोजावीत आणि जाहीर करावीत, त्यांचे संच ठरवण्याच्या कामाला बळ देण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१० साली 'कॉमेट' हा उपक्रम सुरू झाला. मुलांच्या जुनाट मूत्रपिंडविकारासाठी 'साँग-किड्स' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मुले, पालक आणि डॉक्टर यांनी मिळून असा संच ठरवला, त्यात जीव वाचणे, संसर्ग आणि मूत्रपिंडाचे कार्य यांच्या जोडीला 'लाइफ पार्टिसिपेशन' आहे. त्याला कोणी 'जीवन-सहभाग' म्हटले तर ते मराठी राहणार नाही. शाळा, खेळ, घरातली कामे, सोबत्यांत मिसळणे असे फोडूनच लिहावे लागेल.

प्रश्नकर्त्यांनी ज्या शब्दाविषयी विचारलेले नाही, तो 'सहभाग' मला अधिक घातक वाटतो. संमतिपत्रात 'सहभागी' म्हणजे ज्याच्यावर चाचणी होते ती व्यक्ती, त्यामुळे या शीर्षकातून आपले लेकरू चाचणीत घेणार आहेत, असाच समज होईल. येथे तर काय मोजायचे हे ठरवण्यापुरतेच कुटुंबीयांना बोलवायचे आहे. त्यासाठी 'निवडीत वाटा' किंवा 'सल्लामसलत' असे लिहावे. मुलाला पुढे खरोखर चाचणीत घ्यायचे असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. ती पत्रके वेगळी ठेवावीत आणि तेथे मुलासाठी 'संमती' न लिहिता 'होकार' लिहावे, म्हणजे दोन्ही कागद एकमेकांत मिसळणार नाहीत.

पत्रकाचे शीर्षक मी असे सुचवीन: 'दम्याच्या औषधानं लेकराचं काय सुधारावं? संशोधकांना तुम्ही सांगा.' खाली बारीक अक्षरांत 'फलितांच्या निवडीत मुलांचा व कुटुंबीयांचा वाटा' असे लिहिल्यास संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीलाही विषय कळेल. 'बालक'ऐवजी 'लेकरू' वापरण्यास कोणी हरकत घेतली, तर तो नपुंसकलिंगी शब्द मुलगा व मुलगी दोघांनाही सारखाच लागू पडतो, एवढे कारण पुरेसे आहे.